आमचं मत उसाच्या फडात राहतं : महाराष्ट्रातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार साहेब, खासदार साहेब आणि सभागृहातल्या सगळ्या ताई,

विधानसभेतले २८८, विधान परिषदेतले ७८, लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९, तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे, कोणा एका पक्षासाठी नाही. मी बीड जिल्ह्यातली. माझे मायबाप बावीस वर्षं झाली कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक कोयता म्हणजे दोन माणसं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही कारण तुमच्यातलेच कितीतरी जण साखर कारखान्याचे चेअरमन नाहीतर संचालक आहेत. बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळी झाली की आमची गावं रिकामी होतात, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो, भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, शेळी, लहान लेकरं सगळं ट्रॉलीत भरायचं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर पार बेळगाव-बागलकोटपर्यंत जायचं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च, कधी एप्रिल.

मागणं एकच आहे. या पाच-सहा महिन्यात जी कुठली निवडणूक येईल तिच्यात या माणसांना जिथं ती आहेत तिथून मत देता आलं पाहिजे.

२० नोव्हेंबर २०२४ चं सांगते. विधानसभेचं मतदान, बुधवार होता. मी पुण्यात नोकरी करते, कंपनीनं मतदानाची पगारी सुट्टी दिली होती, मंगळवारी रात्री एसटीत बसले आणि सकाळी गावात उतरले. घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडं. शाळेत गेले, रांग नव्हतीच म्हणा, टेबलावरच्या सरांनी यादीत माझं नाव शोधलं आणि त्याखाली रेघ ओढली. एका घरातली नावं यादीत एकाखाली एक असतात ना, तर माझ्या वरच आबांचं आणि मायचं नाव होतं, दोन्ही कोरी. त्या पानावर अशी किती कोरी नावं होती ते मी उलटं उभं राहून बघत होते तर सर म्हणाले चला पुढं. त्याच वेळी माय-आबा बेळगाव जिल्ह्यात एका फडात होते, गावापासून चारशे किलोमीटरच्या पुढं. संध्याकाळी फोन केला तर मायनं पहिलं हेच विचारलं, शाई लागली का गं. तिचं मतदान कार्ड रेशन कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि ती पिशवी ती दरवर्षी सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर नेते. म्हणजे कार्ड होतं, माणूस होतं, इच्छा होती, मतदानाचा दिवस पण होता, फक्त तिचं केंद्र दुसऱ्या राज्यात होतं.

त्या वर्षी मंत्री समितीनं गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरवलं होतं आणि मतदान २० नोव्हेंबरला. पाच दिवसांचं अंतर. आमच्या गावातल्या काही टोळ्या हट्टानं थांबल्या, मत देऊन निघाल्या, त्यांचं मला कौतुक आहे. पण ज्यांचा करार कर्नाटकातल्या कारखान्याशी होता किंवा ज्यांच्या मुकादमानं घाई केली ते कुठून थांबणार, उचल घेतलेल्या माणसाला थांबायचा अधिकार नसतो. एक दिवस काम बुडालं की त्याला आमच्यात खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे उलट आपल्यालाच भरावे लागतात. दोघांनी मतदानाला यायचं म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस, मतदानाचा एक, असे तीन दिवसांचे दोघांचे खाडे अधिक गाडीभाडं. एका मतासाठी एवढा खर्च मी तरी कधी केला नसता, खरं सांगते.

कोणी म्हणेल हे एकदाच झालं, योगायोग होता. २००९ ची विधानसभा १३ ऑक्टोबरला झाली, २०१४ ची १५ ऑक्टोबरला, २०१९ ची २१ ऑक्टोबरला, तेव्हा लोकं गावात होती हे बरोबर. पण आत्ताच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२९ च्या सुरुवातीला संपणार, म्हणजे पुढचं मतदान परत नोव्हेंबरच्या आसपास येणार आणि आम्ही परत फडात असणार. कॅलेंडर आत्ताच दिसतंय. आत्ता काही केलं नाही तर २०२९ ला मी परत त्याच शाळेत तीच कोरी नावं बघणार.

आणि विधानसभेचं तरी लोकांना कळलं, पेपरात आलं, गावच्या निवडणुकांचं काय. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान २०१२ ला ७ फेब्रुवारीला झालं. २०१७ ला आमच्या बीडमध्ये १६ फेब्रुवारीला झालं. ग्रामपंचायतीचं मोठं मतदान १५ जानेवारी २०२१ ला झालं, राज्यात १४,२३४ ग्रामपंचायती होत्या त्यात. त्यानंतरचा एक मोठा टप्पा १८ डिसेंबर २०२२ ला. यातली एक तरी तारीख हंगामाच्या बाहेर आहे का बघा. गावातली पाण्याची टाकी, शाळेची खोली, घरकुलाची यादी, रोजगार हमीचं काम हे सगळं जे ठरवतात त्यांना निवडून देताना गावातली निम्मी माणसं कर्नाटकात नाहीतर कोल्हापुरात असतात. रोजगार हमीचं काम गावात वेळेवर मिळालं असतं तर त्यातली किती माणसं गेलीच नसती हा वेगळा विषय आहे, पण तो विषय गावात मांडायला सुद्धा माणूस मतदार म्हणून हजर लागतो.

१५ जानेवारी २०२१ ला मी घरी होते, तेव्हा काय झालं ते पण लिहिते कारण हे सगळ्यांना माहितीय आणि कोणी बोलत नाही. आदल्या रात्री एका पॅनलची जीप फडावर गेली. अकरा माणसं कोंबली, रात्रभर गाडी चालली, पहाटे गावात. चहा, वडापाव, खाड्याचे पैसे त्या पॅनलनं मुकादमाला दिलेले. माय गाडीतून उतरली तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. मत दिलं आणि दुपारी दोनला परत जीपमध्ये. दुसऱ्या पॅनलच्या गाडीनं दुसरी टोळी आणली. आता कायद्यात काय आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, मतदाराला केंद्रापर्यंत फुकट न्यायला उमेदवारानं गाडी लावणं हा भ्रष्ट मार्ग आहे. हे कलम तुमच्या निवडणुकीसाठी आहे आणि योग्यच आहे, ग्रामपंचायतीला पण तेच तत्त्व असायला पाहिजे. पण बघा ना, ज्या गोष्टीला कायदा भ्रष्ट म्हणतो त्या गोष्टीशिवाय माझ्या मायला मत देताच येत नाही. आणि ज्याच्या जीपमध्ये बसून आलोय, ज्यानं खाडा भरलाय, त्याच्या विरोधात बटण दाबायची हिंमत किती जणांना होईल.

त्याच १९५१ च्या कायद्यात कलम १३५ब आहे, मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायची. मला ती मिळाली ती याच कलमामुळं. मायला का मिळत नाही, तर तिचा मालक कोण हेच कोणी मान्य करत नाही. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो मी पण तुमच्यासारखाच. पगार तर नाहीच, टनावर काम. आणि समजा मालक सापडला, त्यानं सुट्टी दिली नाही, तर दंड किती, जास्तीत जास्त पाचशे रुपये. पाचशे! खासदार साहेब, हे कलम संसदेचं आहे, यात 'टनावर, उचलीवर आणि मुकादमामार्फत काम करणारे' हे शब्द घालायला आणि दंडाचा आकडा बदलायला तुम्हाला कोण अडवतंय.

पण नुसत्या सुट्टीनं आमचं भागत नाही, चारशे किलोमीटर लांब माणसाला एक दिवसाच्या सुट्टीचा काय उपयोग. केंद्र जवळ आलं पाहिजे. आणि हे या देशात झालेलं आहे. काश्मीर खोऱ्यातून घर सोडावं लागलेल्या लोकांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्र लावतात, तिथं बसून ते खोऱ्यातल्या आपल्या मतदारसंघात मत देतात. सैन्यातल्या जवानांना टपाली मत आहे आणि २०१६ पासून त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवतात. ८५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना आणि अपंग मतदारांना नमुना १२ड भरला की घरी येऊन मत घेतात. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीनं यादीत नाव लावता आलं, आणि त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावं म्हणून बिल ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेनं पास पण केलं होतं, पुढं लोकसभा बरखास्त झाली आणि ते संपलं. या सगळ्यांना मिळालंच पाहिजे, माझं कोणाशी भांडण नाही. पण दुबईतल्या, अमेरिकेतल्या माणसाच्या मतासाठी बिल येतं आणि बेळगावातल्या उसाच्या फडात असलेल्या माणसासाठी येत नाही याचं मला वाईट वाटतं, खूप वाईट वाटतं.

एकदा आशा वाटली होती. २९ डिसेंबर २०२२ ला निवडणूक आयोगानं जाहीर केलं की एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असं रिमोट मशीन तयार केलंय, स्थलांतरित मतदारांसाठी. १६ जानेवारी २०२३ ला सगळ्या मान्यताप्राप्त पक्षांना दाखवायला बोलावलं. अनेक पक्षांनी विरोध केला. स्थलांतरित म्हणजे नक्की कोण, यादी कोण करणार, दुसऱ्या राज्यात आमचे पोलिंग एजंट कसे बसणार, मशीनवर विश्वास कसा ठेवायचा. प्रश्न बरोबर होते असं मला पण वाटतं. पण प्रश्न विचारून सगळे उठून गेले आणि तो विषय तिथंच पडून राहिला, उत्तर कोणी शोधलं नाही, आणि आम्ही त्या वर्षी पण दिवाळी करून निघून गेलो.

आमच्यापुरतं उत्तर सोपं आहे म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. देशातले बाकीचे स्थलांतरित कामगार हजार ठिकाणी विखुरलेत, बांधकामावर, हॉटेलात, त्यांना शोधणं अवघड आहे. ऊसतोडवाले विखुरलेले नाहीत. ते कारखान्याच्या हद्दीत टोळी टोळीनं राहतात, कोणत्या टोळीनं काल किती टन ऊस घातला हे कारखान्याच्या कॉम्प्युटरला माहिती असतं, टोळी कुठल्या गावची, मुकादम कोण हे करारात असतं. ग्रामसेवकानं द्यायचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलंय. तरी आज राज्यात ऊसतोड कामगार किती याचे अंदाज ८ लाखांपासून १५ लाखांपर्यंत सांगतात, एवढा फरक! म्हणजे टन मोजला जातो, माणूस नाही.

तर असं करता येईल. दसऱ्याच्या आधी, लोकं गावात असतानाच, ग्रामपंचायतीत एक साधा अर्ज घ्यायचा की या हंगामात मी अमुक तालुक्यात अमुक कारखान्याकडं जाणार आहे. नाव गावच्याच यादीत राहील, फक्त पुढं खूण होईल की हा मतदार बाहेरून मत देणार, म्हणजे दोन ठिकाणी मत द्यायचा प्रश्नच येत नाही. मतदानाच्या दिवशी किंवा चार दिवस आधी कारखान्याच्या भागात विशेष केंद्र, कागदी मतपत्रिका, पाकिटं सीलबंद करून जिल्ह्याला. मशीनवर वाद असेल तर मशीन नको आम्हाला, कागद चालेल.

यात एक गोष्ट मी हात जोडून सांगते. केंद्र कारखान्याच्या आवारात लावू नका. कारखान्याचे चेअरमन कोण असतात हे मी वर लिहिलंय, आणि ज्याच्या गव्हाणीत आपला ऊस पडतो त्याच्या ऑफिससमोर मोकळ्या मनानं मत देता येत नाही. शेजारच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा घ्या. मुकादमाला शंभर मीटरच्या आत येऊ देऊ नका. आणि मोजताना एका गावची पाकिटं वेगळी मोजू नका, सगळ्यात मिसळा, नाहीतर चाळीस मतात कोणी कोणाला दिलं हे गावात दुसऱ्या दिवशी कळतं आणि पुढच्या वर्षी उचल मिळत नाही.

आमदारांनो, हे सगळं दिल्लीवर ढकलू नका प्लीज. लोकसभा-विधानसभेचा कायदा संसदेचा आहे हे मला माहितीय. पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा कायदा राज्याच्या विधिमंडळाला करता येतो, घटनेच्या २४३ट मध्ये लिहिलंय. म्हणजे हंगामात ज्या निवडणुका हटकून येतात त्याच तुमच्या हातात आहेत. राज्य निवडणूक आयोग वेगळा आहे, कारखाने राज्यातले, सहकार खातं राज्याचं, हंगामाची तारीख तुमचीच मंत्री समिती ठरवते. पहिली सुरुवात इथं करा, एका जिल्ह्यात करून बघा, चुका होतील त्या सुधारा, मग तेच घेऊन दिल्लीला जा.

दुसरं, मतदार यादी. दरवर्षी यादीची विशेष दुरुस्ती कधी असते, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. बरोबर आम्ही नसतो तेव्हा. माझा भाऊ कोपीवर असतानाच अठरा वर्षांचा झाला, त्याचा नमुना ६, म्हणजे यादीत नवीन नाव घालायचा अर्ज, भरायला चार वर्षं लागली. चुलत भावाच्या घरी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई आल्या, कुलूप बघितलं, कोणीतरी सांगितलं ते गेले बाहेर, आणि पुढच्या यादीत नवरा-बायको दोघांची नावं गायब. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्याकडं अंगणवाडीचं काम असतं, वर हे. पण १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की माणूस काही काळासाठी घरापासून लांब गेला म्हणून तो तिथला रहिवासी नाही असं होत नाही. मग कुलूप बघून नाव का जातं. बिहारमध्ये २०२५ ला घरोघरी पडताळणी झाली तेव्हा मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नाहीत, त्यात मयत होते, दुबार होते आणि 'कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत' असे पण लाखो होते. हे वाचल्यापासून मला आमच्या गल्लीतली कुलपं दिसतात. आमच्या जिल्ह्यात यादीचं घरोघरी काम मे ते सप्टेंबरमध्येच करा, आणि हंगामात कुलूप लागलेल्या घराचं नाव परस्पर काढायचं नाही असा लेखी आदेश द्या.

आता मताचा एवढा आग्रह का, पोटाचे प्रश्न कमी आहेत का, असं आमच्यातलेच विचारतात. मी २०१९ चं उदाहरण देते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचे चार दिवस खाडा परवडत नाही, कोपीत न्हाणी नाही, पोटात दुखलं की डॉक्टर सांगतात काढून टाका. माझी मावशी त्यात आहे, तिशीच्या आत. इतक्या वर्षात फडावर संडास किती ठिकाणी आले हे जाऊन बघा. मला असं वाटतं, आणि हे मी विचार करून लिहितेय, की या बायका ज्या भागात सहा महिने राहतात तिथल्या आमदाराला त्यांचं मत नसतं म्हणून त्याला त्यांची गरज नाही, आणि ज्या आमदाराला त्यांचं मत असतं तो चारशे किलोमीटर लांब असतो आणि मतदानाच्या दिवशी त्या तिथं नसतात. मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा आमची माणसं गावात होती. बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्या निकालात आम्ही होतो, म्हणून त्या उन्हाळ्यात वस्तीवर दोन्हीकडच्या गाड्या येत होत्या, हात जोडत होत्या. नोव्हेंबरला एकही आली नाही, कुलपांपुढं कोण येणार.

रेशनचं तुम्ही करून दाखवलंत. २०१९ पासून एक देश एक रेशन कार्ड सुरू झालं, आता माय कर्नाटकातल्या दुकानात अंगठा लावते आणि तिच्या नावाचं धान्य उचलते. नेट नसलं तर दोन चकरा होतात, पण मिळतं. लाडकी बहीणचे पंधराशे रुपये ती फडात असताना तिच्या खात्यात आले. म्हणजे सरकारला माय कुठंही सापडते, तिचा अंगठा ओळखता येतो. मग मतदानालाच ती का सापडू नये.

विधेयक आणायचं असेल तर पावसाळी अधिवेशनात आणा अशी विनंती आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आम्ही फडात असतो, तेव्हा तुम्हाला आमच्याकडून काही विचारायचं म्हटलं तरी गावात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली लेकरं सोडून कोणी भेटणार नाही. जून-जुलैत या, पेरणी चालू असते पण संध्याकाळी सगळे पारावर असतात, मुकादमाला बाजूला ठेवून बायकांशी बोला.

हे पत्र मी फोनवरून मायला वाचून दाखवलं. कलमं आली तेव्हा ती मध्येच लेकराला हाक मारत होती, जीपचं आलं तेव्हा गप्प झाली. शेवटी म्हणाली एवढं घाल त्यात, केंद्र कोपीपासून चालत जाता येईल असं पाहिजे, आणि सकाळी लवकर उघडं पाहिजे, म्हणजे मत देऊन आठच्या आत फडात जाता येईल, खाडा पडणार नाही.

तेवढं घातलंय.

आपली,
एका कोयत्याची मुलगी
जि. बीड